लाल वाइन हृदयाला चांगली?

नाशिकला जाऊन आलेली मंडळी परतताना द्राक्षांच्या पेटीसोबत हल्ली लाल वाइनची बाटलीही आणतात. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, लाल वाइन हार्टले चांगली रायते म्हणतेत, खरं हाय का?" विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे, रक्तदाबाची गोळी चालू असलेले. दारूचे नाव काढताच कानाला हात लावणारे हे गृहस्थ वाइनला मात्र औषध समजतात.

ही वाइन बनते कशी ते आधी पाहू. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात गुरनानी कुटुंबाने २००६ मध्ये 'यॉर्क' वायनरी सुरू केली. योगिता, रवी आणि कैलाश या मुलांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. २०२१ मध्ये ती 'सुला'ने विकत घेतली. तिथली 'अ‍ॅरोस' ही शिराझ आणि कॅबर्ने या काळ्या द्राक्षांची, ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली भरदार लाल वाइन. द्राक्षे सालीसकट चेचून आंबवतात. यीस्ट साखरेचा मद्यार्क करते आणि सालीतून रंग व तुरटपणा उतरतो. मेहनतीचे, कौशल्याचे काम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण हिशेब पाहा. अशा वाइनमध्ये मद्यार्क साधारण साडेतेरा टक्के असतो. दीडशे मिलीच्या एका ग्लासात सुमारे १६ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे एक ग्लास वाइन दीड पेगाहून अधिकच झाली आणि अख्खी बाटली आठ पेग! यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही.

मग हा समज आला कुठून? फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, हे कोडे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका दूरदर्शन कार्यक्रमात गाजले. पुढच्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ सर्ज रेनो यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याचे श्रेय वाइनला दिले. सालीतल्या 'रेझव्हेराट्रॉल' या द्रव्याचा बोलबाला झाला. पण बाटलीत ते इतके अल्प असते की प्रयोगातला डोस गाठायला पिंपेच रिचवावी लागतील. थोडेसे तर शेंगदाण्यातही असते. शिवाय जुन्या पाहण्यांत एक मोठी खोट होती. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. त्यांच्या तुलनेत थोडी पिणारे धडधाकट दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले आणि २०२३ मध्ये संघटनेने सांगितले, की मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. आपल्याकडे तर जोडीला खर्रा! तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

अचलपूरकडचे एक निवृत्त मास्तर मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत. मुलाने आणलेली वाइन 'हृदयासाठी' म्हणून त्यांनी रात्री घेतली आणि पोळी-भाजी टाळली. पहाटे घामाने चिंब, असंबद्ध बडबड. घरच्यांना वाटले, चढली. रक्तातली साखर तपासली तर ४१! ग्लुकोज दिल्यावर मास्तर ताळ्यावर आले. उपाशीपोटी मद्य घेतले की यकृताचे साखर पुरवण्याचे काम मंदावते, त्यात गोळीचा परिणाम चालूच असतो. वास येत होता म्हणून घरच्यांनी त्यांना झोपू दिले असते, तर काय झाले असते ते सांगायला नको.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन, झोपेची गोळी, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, यकृतावर चरबी असेल, तर वाइनही नको. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स चालू असतानाही नको. गर्भवतींनी तर मुळीच नाही. सालीतल्या गुणांचाच मोह असेल तर जांभळे खा, काळी द्राक्षे सालीसकट खा. मधुमेह्यांनी द्राक्षे मोजून खावीत.

एक सूचना मात्र जपून वाचा. जे रोज बरीच घेतात त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, झटके येणे, भास होणे असा प्रकार होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा माणसाला घरच्यांनी आधी डॉक्टरकडे न्यावे. औषधांच्या आधाराने दारू सुखरूप सोडवता येते.