एआय जोडा, पण की लपवा

आज बबलमध्ये बनवलेल्या ॲपला ओपनएआयचं मॉडेल जोडायचंय. जोडणी तशी सोपी. 'एपीआय कनेक्टर' हे प्लगइन टाका, सेवेचा पत्ता द्या, पद्धत 'पोस्ट' ठेवा. ऑथेंटिकेशनमध्ये 'प्रायव्हेट की इन हेडर' निवडा, मग 'बेअरर' लिहून एक स्पेस आणि पुढे तुमची की. ४०१ एरर आला तर आधी ती स्पेस बघा.

मला खरं बोलायचंय ते या कीबद्दल. मॉडेल चालतं त्यांच्या सर्व्हरवर, आणि बिल लागतं टोकनवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर. (आपल्या देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, हेही लक्षात असू द्या.) की दुसऱ्याच्या हाती लागली की वापर त्याचा, बिल तुमचं! एपीके उघडून आतला मजकूर वाचणं अजिबात अवघड नाही. म्हणून की फोनमध्ये जाताच कामा नये. वरच्या पर्यायाने ती बबलच्या सर्व्हरवरच राहते. फ्लटरफ्लोवाल्यांनो, तुम्ही एपीआय कॉल 'प्रायव्हेट' करा, म्हणजे तो फायरबेसच्या क्लाउड फंक्शनमधून जाईल.

मी तर सुरुवातीला खात्यात थोडेच पैसे भरतो आणि ऑटो रिचार्ज बंद ठेवतो. आणि की फुटल्याची नुसती शंका आली तरी ती लगेच डिलीट करून नवीन काढा.