कोरड्या आभाळाखालचा पूर

जुलैत नीरा नरसिंहपूरला निघालात तर छत्री घ्यावी का? घ्या, पण ती उघडावी लागेलच असं नाही. नजर मात्र घाटाच्या पायऱ्यांवर ठेवा. काल उघड्या असलेल्या पायऱ्या आज पाण्याखाली गेलेल्या असू शकतात, आणि वर आभाळात पावसाचा थेंब नाही!

इंदापूर तालुक्याचं हे शेवटचं टोक. उत्तरेकडून भीमा येते, दक्षिणेकडून नीरा. दोघींच्या पलीकडे सोलापूर जिल्हा, माढा आणि माळशिरस. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ. इथली मूर्ती प्रल्हादानं वाळूची घडवली, अशी श्रद्धा आहे. नद्यांच्या बेचक्यातल्या देवाला वाळूच शोभते म्हणा.

महाबळेश्वरहून नाकासमोर पूर्वेला सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटर आलं की हे गाव. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्याही वर पाऊस. इंदापूरच्या बाजूला 500च्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. अलीकडे उतरताना हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा किलोमीटरभर खाली आली की साधारण 10 अंशांनी गरम होते. तापलेल्या हवेत ढग टिकत नाही. म्हणून जुलैत इथे ढग दिसतात, धावतात आणि न बरसता पुढे जातात. शेतकरी त्यांच्याकडे कसा बघत असेल, ते सांगायला नको.

गंमत म्हणजे पावसाचं शहर म्हणून मिरवणाऱ्या लंडनलाही वर्षाकाठी 600 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. पण तो बारा महिन्यांत रिमझिम वाटलेला. इथला सगळा हिशेब चार-पाच महिन्यांत उरकायचा, आणि त्यातही मृग-आर्द्रा बहुतेकदा हूल देऊन जातात.

मग पूर कुठून येतो? नीरा उगवते भोरच्या डोंगरात. तिथे चार दिवस झड लागली की भाटघर, नीरा-देवघर भरतात, वीर धरणाचे दरवाजे उघडतात. भीमेचं पाणी भीमाशंकरापासूनचं, ते उजनीत अडतं आणि तिथून सुटतं. दोन्ही विसर्ग भेटतात ते नरसिंहपुरात. म्हणून चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जाणार का, याचा अंदाज बांधताना पंढरपूरकर संगमावर किती क्युसेक आहे ते विचारतात. घाटावरचा पाऊस इथे आभाळातून पोचत नाही, नदीतून पोचतो.

इथल्या हक्काच्या पावसाचा भरवसा सप्टेंबरवर, उत्तरा आणि हस्तावर. तोवर पश्चिमेचे वारे मंदावलेले असतात आणि बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत येतात. त्या दिशेला सह्याद्रीसारखी भिंतच नाही. दुपारी उकडतं, चारनंतर पूर्वेला काळंभोर होतं आणि तासाभरात शेतात तळी साचतात. रब्बीच्या ज्वारीला लागणारी ओल ती हीच.

प्रवाशानं खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यावं. पहाटे नदीवर धुकं असतं, बोचरी थंडी असते, आणि जाता-येता भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षीही दिसतात. पण देवाला हे सोयीचं वेळापत्रक मान्य नसावं. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे ऐन होरपळीत. पारा चाळिशी ओलांडलेला, देवळाचा दगड तापलेला, अनवाणी भाविक सावली गाठायला धावतायत. अशा दिवसांतही भीमा कधी कधी चांगली वाहती असते. सोलापूर शहराला पिण्यासाठी उजनीतून सोडलेलं पाणी नरसिंहपूरच्या पायाशी वळसा घेऊन निवांत पुढे चाललेलं असतं.