पन्नाशीनंतरची मॅरेथॉन : ध्येय कसे ठरवावे?

हिवाळ्यात देशातील अनेक शहरांत मॅरेथॉन भरवल्या जातात व त्यांत पन्नाशी-साठीतील हौशी धावपटूही उत्साहाने उतरतात. नियमित धावणे आरोग्यास हितकारकच आहे. मात्र ४२.१९५ किलोमीटरचे अंतर किती वेळात पूर्ण करावयाचे, हे अनेक जण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेवरून ठरवतात. गफलत तेथेच होते.

वय वाढते तसा हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग कमी होतो. परिणामी स्नायूंना मिळणारा प्राणवायू घटतो. स्नायूंचे वस्तुमानही कमी होते आणि श्रमानंतरची झीज भरून येण्यास अधिक दिवस लागतात. नियमित व्यायामाने ही घट मंदावते, थांबत नाही. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रता वेळा याच कारणाने वयोगटानुसार ठरतात. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटे, तर ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना ३ तास ५० मिनिटे अशी मर्यादा होती. स्त्रियांच्या दोन्ही गटांतही ५५ मिनिटांचेच अंतर आहे. या वेळा निष्णात हौशी धावपटूंसाठी आहेत. त्यांचे अनुकरण करू नये, केवळ दोन वयांतील फरक लक्षात घ्यावा.

ध्येयासाठी आधार घ्यावा तो गेल्या दोन-तीन महिन्यांतील धावण्याचा. समजा, ५८ वर्षांच्या व्यक्तीने नुकतीच अर्धमॅरेथॉन २ तास २० मिनिटांत पूर्ण केली. तिची दुप्पट ४ तास ४० मिनिटे होते. परंतु दुसऱ्या अर्ध्या भागात थकव्यामुळे वेग राखणे कठीण असते. प्रचलित सूत्राने ४ तास ५२ मिनिटांच्या आसपासचा अंदाज निघतो, आणि आठवड्याचा सराव कमी असेल तर तोही आशावादीच ठरतो. अशा व्यक्तीने ५ तास, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे ७ सेकंद, हे लक्ष्य ठेवणे सयुक्तिक होय. वयाच्या ४५ व्या वर्षी हेच अंतर ४ तास १० मिनिटांत धावल्याची आठवण येथे उपयोगाची नाही. लांब पल्ल्याच्या सरावानंतर तीन दिवसांनीही पाय जड वाटत असतील, तर लक्ष्य आणखी सैल करावे.

एकच वेळ मनात धरून न ठेवता दोन वेळा ठरवाव्यात : एक थंड, कोरड्या सकाळसाठी व दुसरी उष्ण वा दमट दिवसासाठी. मुंबई, चेन्नई यांसारख्या किनारी शहरांत घाम सहज सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्यास अडचण येते. शिवाय पाच तास धावणाऱ्यास विजेत्यापेक्षा कितीतरी अधिक ऊन सोसावे लागते, याचा विचार क्वचितच होतो. पाणी तहानेनुसार घ्यावे. संथ धावपटूंनी प्रत्येक केंद्रावर तहान नसताना पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. शर्यतीपूर्वी किंवा धावताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांमुळे मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

सराव वाढवण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ३० वर्षांवरील नागरिकांना आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घेता येते. हृदयाच्या पुढील चाचण्यांची आवश्यकता डॉक्टर ठरवतील. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर गटाची औषधे ठोक्यांचा वेग रोखून धरतात. ती घेणाऱ्यांनी मनगटी घड्याळातील ठोक्यांच्या आकड्यावर विसंबू नये, त्याऐवजी धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते पाहावे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींची साखर शर्यतीनंतर अनेक तासांनीही उतरू शकते. घरातील मंडळींनी त्या रात्री विशेष लक्ष ठेवावे.

ताप असल्यास किंवा आदल्या आठवड्यात छातीत दुखले असल्यास शर्यतीत उतरू नये, भरलेले शुल्क वाया गेले तरी चालेल. धावताना छातीत दाब, असाधारण धाप, भोवळ किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास तत्काळ थांबावे, जवळच्या वैद्यकीय पथकास कळवावे अथवा ११२ किंवा १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.