नकाराची किंमत
(लेखमाला : सामायिक तिजोरी – लेखांक चौथा)

युरोपीय संघाच्या तिजोरीत पैसा कुठून येतो, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. सीमाशुल्क, मूल्यवर्धित कराचा लहानसा हिस्सा, पुनर्प्रक्रिया न झालेल्या प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यामागे किलोला ८० सेंटची आकारणी आणि या सगळ्यावर उरणारी तूट भरून काढणारे सदस्य देशांचे योगदान, अशी ती जमेची बाजू. या बाजूवर युरोपीय संसदेचे जवळजवळ काहीच चालत नाही. उत्पन्नाचे नियम सत्तावीस सरकारे एकमताने ठरवतात, प्रत्येक देश आपापल्या घटनेप्रमाणे त्यांना मान्यता देतो आणि संसदेने फक्त मत कळवायचे असते. मग खर्चाच्या बाजूवर याच संसदेतले ७२० सदस्य जे मतदान करतात, त्याला अर्थ किती? ज्या सभागृहाला एक युरोचाही कर बसवता येत नाही, त्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला कोण भीक घालणार? गेल्या साडेचार दशकांचा हिशेब मांडला, तर उत्तर असे निघते की एकूण रक्कम वाढवण्यात ही संसद बहुतेक वेळा हरली आहे. पण पैसा कशावर आणि कोणत्या अटीवर खर्च होईल, हे तिने वारंवार बदलून घेतले आहे. तिचे बळ आकड्यात शोधले तर हाती लागत नाही. ते अटींत आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. संघाचा खर्च दोन टप्प्यांत ठरतो. पहिला टप्पा सात वर्षांच्या आराखड्याचा. शेती, मागास प्रदेशांचा विकास, संशोधन, सीमासुरक्षा, परराष्ट्र मदत अशा प्रत्येक शीर्षाखाली दरवर्षी जास्तीत जास्त किती खर्च करता येईल, याच्या कमाल मर्यादा त्यात घातलेल्या असतात. हा आराखडा सरकारांच्या मंत्रिपरिषदेत एकमताने मंजूर व्हावा लागतो आणि त्याआधी संसदेची संमती लागते. संसदेला त्यात दुरुस्ती सुचवून मतदान घेता येत नाही. आहे तसा स्वीकारायचा किंवा फेटाळायचा. शिवाय ही संमती उपस्थितांच्या नव्हे, तर एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने द्यावी लागते. म्हणजे तटस्थ राहणारा किंवा गैरहजर असणारा सदस्य प्रत्यक्षात विरोधकांच्याच पारड्यात जातो. दुसरा टप्पा वार्षिक अर्थसंकल्पाचा. सात वर्षांच्या मर्यादांच्या आत राहून संसद एखाद्या कार्यक्रमाची तरतूद कमी करू शकते आणि वाढवूही शकते. आपल्या लोकसभेला हा अधिकार नाही. घटनेच्या कलम ११३ नुसार लोकसभा अनुदानाची मागणी मंजूर करते, नाकारते किंवा तिच्यात कपात करते. ती वाढवू शकत नाही. वरचे छत आधीच ठरलेले, पण छताखाली सामान हलवण्याची मोकळीक, अशी युरोपीय संसदेची स्थिती आहे.

ही हलवाहलव ज्या वेळापत्रकात होते, तेही पाहण्यासारखे आहे. संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाचा मसुदा १ सप्टेंबरपूर्वी यावा लागतो, मंत्रिपरिषदेची भूमिका १ ऑक्टोबरपूर्वी. मंत्रिपरिषद बहुधा कात्री लावते. मग संसदेला ४२ दिवस मिळतात आणि ती कापलेले बरेचसे परत जोडते. दोघांचे जुळले नाही, तर समसमान सदस्यांची समेट समिती बसते. तिला २१ दिवसांची मुदत असते आणि निघालेल्या तोडग्यावर मतदानासाठी आणखी १४ दिवस. सगळे फिसकटले तर नव्या वर्षात साधारणपणे मागच्या वर्षीच्या तरतुदीचा बारावा हिस्सा दरमहा खर्चायचा. हे मतदान कुठे व्हावे, तेसुद्धा संघाच्या करारात लिहिले आहे : अर्थसंकल्पाचे अधिवेशन स्ट्रासबर्गमध्येच. २०१७ सालच्या अर्थसंकल्पाची शेवटची चर्चा आणि मतदान ब्रसेल्समध्ये उरकले, म्हणून फ्रान्सने थेट न्यायालय गाठले. मुदत पाळण्यासाठी अपरिहार्य असेल तेव्हा ब्रसेल्समध्ये मतदान चालेल, असा निकाल २०१८ मध्ये मिळाला. हा वाद वरवर मानापमानाचा दिसतो. पण ज्या मतदानाला किंमत नाही, त्याच्या जागेसाठी कोणी न्यायालयात जात नाही.

छताखालची ही मोकळीक कशी वापरली जाते, याची दोन उदाहरणे घेऊ. संसदेला नव्या कल्पनांसाठी छोटे प्रायोगिक प्रकल्प सुचवता येतात. अठरा वर्षांच्या तरुणांना रेल्वेने युरोप फिरण्यासाठी पास द्यावा, ही कल्पना याच वाटेने २०१८ मध्ये १.२ कोटी युरोंच्या तरतुदीसह सुरू झाली. आज ती शिक्षणविषयक ‘इरॅस्मस’ कार्यक्रमाचा नियमित भाग आहे. दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे. सीमारक्षक संस्था ‘फ्रॉन्टेक्स’ निर्वासितांच्या मूलभूत हक्कांबाबत आरोपांच्या भोवऱ्यात सापडली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये संसदेने पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पावरील आपल्या भूमिकेत त्या संस्थेचे ९ कोटी युरो, म्हणजे तिच्या तरतुदीतला सुमारे १२ टक्के भाग, राखीव ठेवण्याची मागणी केली. हक्कांच्या देखरेखीसंबंधी अटी पूर्ण केल्या तर पैसे सोडायचे, नाहीतर नाही. संघाच्या एकूण खर्चात ९ कोटी म्हणजे दर्यामें खसखस. पण त्या एका संस्थेच्या कारभाऱ्यांना हा आकडा नजरेआड करता येण्यासारखा नव्हता.

आता मोठ्या नकारांकडे वळू. जनतेने थेट निवडलेली पहिली युरोपीय संसद १९७९ च्या जूनमध्ये आली आणि १३ डिसेंबर १९७९ रोजी तिने पुढच्या वर्षाचा अख्खा अर्थसंकल्प २८८ विरुद्ध ६४ मतांनी फेटाळला. तक्रार स्पष्ट होती. खर्चाचा दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा शेतमालाच्या आधारभूत किमतींवर जात होता, लोणी आणि दूधभुकटीचे साठे गोदामांत पडून होते आणि त्या खर्चाला हात लावण्याचा अधिकार संसदेला नव्हता. तो खर्च ‘अनिवार्य’ या सदरात मोडत असे आणि त्यावर शेवटचा शब्द सरकारांचा असे. वर्षाचे पहिले सहा महिने बाराव्या हिश्शावर काढून जुलै १९८० मध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला. शेतीखर्चात भरघोस कपात झाली नाही. त्या अर्थाने नकार वाया गेला. मात्र ज्या प्रश्नावर तो दिला गेला, तो प्रश्न पुन्हा झाकता आला नाही. अनिवार्य आणि इतर खर्च हा भेद डिसेंबर २००९ मध्ये लिस्बन कराराने काढून टाकला आणि शेतीचा वाटा आज साधारण एक-तृतीयांशावर आला आहे. याचे सगळे श्रेय संसदेला देणे बरोबर ठरणार नाही. दुधावरचे कोटे, आधारभूत किमतींतली कपात आणि जागतिक व्यापार वाटाघाटींचा दबाव ही कारणे अधिक वजनदार होती. परंतु शेतीवरच्या खर्चाकडे बोट दाखवणारे अधिकृत मतदान सर्वांत आधी या सभागृहात झाले.

दुसरा मोठा नकार २०१३ चा. त्या फेब्रुवारीत शिखर परिषदेत नेत्यांनी २०१४ ते २०२० या काळासाठी ९६० अब्ज युरोंची कमाल मर्यादा ठरवली. आधीच्या आराखड्यापेक्षा कमी रकमेचा आराखडा संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच येत होता. १३ मार्चला संसदेने ५०६ विरुद्ध १६१ मतांनी ठराव करून तो आहे तसा मान्य नसल्याचे कळवले. त्या ठरावामागे सर्वांत मोठा गटही उभा होता आणि याच गटात तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचा पक्ष बसतो. ज्या नेत्यांनी रात्र जागवून सौदा केला, त्यांच्याच पक्षांचे सदस्य त्याविरुद्ध मत देत होते. नोव्हेंबरात अंतिम संमती मिळाली, तेव्हा ९६० चा आकडा जागचा हललेला नव्हता. बदलले ते नियम. एका वर्षात न वापरलेली देयकांची मर्यादा पुढच्या वर्षांत वापरता येईल आणि मध्यावर आराखड्याचा आढावा घ्यावा लागेल, हे त्यात आले. कागदावर हा हिशेबनिसांचा तपशील वाटेल. पण खर्चाची वचने देऊन ठेवायची आणि बिले द्यायला पैसे नाहीत, हे संघाचे जुने दुखणे होते. त्यावर औषध मिळाले ते या नकारामुळे.

तिसरे उदाहरण करोनाकाळातले. जुलै २०२० मध्ये चार दिवस-रात्री चाललेल्या शिखर परिषदेत १,०७४ अब्ज युरोंचा आराखडा आणि त्यासोबत ७५० अब्जांचा पुनरुज्जीवन निधी ठरला. हात आखडता घेणाऱ्या देशांना राजी करण्यासाठी नेत्यांनी ज्या कार्यक्रमांवर सुरी फिरवली, त्यांत आरोग्य कार्यक्रमही होता. महासाथ ऐन भरात असताना आयोगाने सुचवलेल्या ९.४ अब्जांचे १.७ अब्ज झाले. दोनच दिवसांनी संसदेने हा सौदा आहे त्या स्वरूपात मान्य नसल्याचा ठराव केला. नोव्हेंबरमधल्या तडजोडीत १६ अब्जांची भर पडली आणि आरोग्य कार्यक्रम १.७ वरून ५.१ अब्जांवर गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कायद्याच्या राज्याची पायमल्ली करणाऱ्या देशाचा निधी रोखता येईल, असा नियम संसदेने लावून धरला. हंगेरी आणि पोलंडने त्यावरून सगळा आराखडाच अडवून धरला. डिसेंबरमध्ये खुलासेवजा तोडगा निघाला, पण नियम टिकला. १६ डिसेंबरला ५४८ मतांनी आराखड्याला संमती मिळाली. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, याच नियमाखाली हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखले गेले.

यावर पहिला आक्षेप असा, की दुसऱ्याच्या खिशातून खर्च करणारे सभागृह उधळेच असणार. कर बसवून मतदाराच्या शिव्या सरकारांनी खायच्या आणि वाढीव तरतुदींचे कौतुक संसदेने घ्यायचे. या आक्षेपात तथ्य आहे. संसदेचा सूर बहुतेक वेळा ‘अजून द्या’ हाच असतो. पण परिणाम पाहिले तर उधळपट्टी दिसत नाही, कारण ती होऊच शकत नाही. संघाला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही, सात वर्षांच्या मर्यादा एकमताने ठरतात आणि नेहमीचा अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याभोवती घोटाळत राहिला आहे. शिवाय हेच सभागृह झालेल्या खर्चाचा जाबही विचारते. १९९६ च्या हिशेबांना त्याने डिसेंबर १९९८ मध्ये मान्यता नाकारली आणि पुढच्या मार्चमध्ये जॅक सांतेर यांच्या संपूर्ण आयोगाला राजीनामा द्यावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : संसद गर्जते आणि शेवटी मान तुकवते. २०२० मधले १६ अब्ज म्हणजे आराखड्याच्या जेमतेम दीड टक्का. त्यासाठी एवढा गाजावाजा कशाला? पण दीड टक्का हा भागाकारच मुळात चुकीच्या संख्येने केला आहे. आराखड्याचा बराच मोठा भाग शेतीची थेट अनुदाने आणि प्रादेशिक निधी यांत आधीच बांधलेला असतो आणि प्रत्येक देश आपल्या वाट्यावर डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. संशोधन, आरोग्य, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण यांना मात्र राजधान्यांत वाली नसतो, कारण त्यातला कोणता युरो कोणत्या देशात जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच पहाटेच्या सौदेबाजीत कात्री तिथेच चालते. संसदेत सदस्य देशवार नव्हे, तर पक्षगटांप्रमाणे बसतात आणि या बेवारस खर्चाची वकिली तिथेच होऊ शकते. दीड टक्का पडला तो याच खर्चाच्या पदरात. आरोग्य कार्यक्रमाच्या हिशेबाने ती तिप्पट वाढ होती.

तिसरा आक्षेप न्याय्यतेचा. जे देश घेतात त्याहून जास्त देतात, त्यांच्या करदात्यांचा शब्द संसदेतल्या बहुमताने का डावलावा? केंद्रीय करांतून महाराष्ट्राच्या वाट्याला किती येते, या वादाची सवय असलेल्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. उत्तर असे, की रकमेबाबत त्यांचा शब्द डावलला जातच नाही. एकमताच्या नियमामुळे प्रत्येक देशाला नकाराधिकार आहे, आणि जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन व डेन्मार्क यांनी २०२१ पासूनच्या आराखड्यात योगदानावर सूटही मिळवली आहे. खर्चाच्या अटींची गोष्ट वेगळी. दिलेला पैसा प्रामाणिकपणे वापरला जावा, ही देणाऱ्या करदात्याचीच मागणी आहे आणि ती पूर्ण करणारा नियम संसदेच्या हट्टाने टिकला.

या सगळ्याचा कस आता लागणार आहे. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ साठी जवळपास दोन हजार अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. त्यात शेती आणि प्रादेशिक विकासाचे मोठे निधी एकत्र करून सुमारे ८६५ अब्जांच्या सत्तावीस राष्ट्रीय योजना करण्याची कल्पना आहे. लवचिकता हे त्यामागचे कारण सांगितले जाते आणि ते अगदीच पोकळ नाही. सात वर्षांपूर्वी बांधलेले पैसे युद्ध किंवा महापुराच्या वेळी हलवता येत नाहीत, हा अनुभव ताजा आहे. पण करोनाकाळातल्या पुनरुज्जीवन निधीचे उदाहरण समोर आहे. तिथे संसदेने मूळ नियमावर मतदान केले; प्रत्येक देशाची योजना मात्र आयोग आणि सरकारे यांच्यात ठरली आणि संसदेला संवादावर समाधान मानावे लागले. शीर्षे जितकी मोठी आणि ढोबळ, तितके संसदेचे मत पोकळ. संसदेतल्या मोठ्या गटांनी या रचनेवरच हरकत घेतली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाने ग्रामीण भागासाठी किमान वाटा आणि प्रदेशांना अधिक सहभाग असे बदल पुढे केले, हे त्याचेच फळ. पुढच्या वाटाघाटींच्या बातम्यांत दोन हजार अब्ज हा आकडा ठळक अक्षरांत येत राहील. वाचकाने मात्र नजर ठेवावी ती शीर्षांच्या यादीवर. त्या यादीत संसदेसमोर मतासाठी काय उरते, यावरच तिच्या पुढच्या नकाराची किंमत ठरेल.