मनीला हवा खेळगडी!

मुलांनो, मांजर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती उन्हात पाय ताणून झोपलेली मनी. पण मांजरांची एक जात अशी आहे, की तिच्या पायाला जणू भिंगरीच! तिचं नाव ॲबिसिनियन.

ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया देश. तिथून १८६८ च्या सुमारास ही मांजरं इंग्लंडला गेली, असं सांगतात. गंमत म्हणजे, हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात त्याहून जुनं, पेंढा भरलेलं असंच एक मांजर आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर चक्क ‘इंडिया’ लिहिलंय! २००७ साली मांजराच्या जनुकांचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, तोही याच जातीच्या सिनॅमनचा. सिनॅमन म्हणजे दालचिनी.

ही मांजर घरातल्या सगळ्यांत उंच फळीवर चढते, कपाटं उघडते, हाकेला ओ देते. पण तिला नुसतं बसवून ठेवलं तर? पडदे फाटतात, भांडी पडतात. आपण म्हणतो, ‘काय खोडकर!’ खरं तर तिला कंटाळा आलेला असतो. ताटली आयती मिळाली, तरी दबा धरायची, झडप घालायची ऊर्मी कुठे जाणार?

म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं तिच्याशी खेळा. काठीला पीस बांधून फिरवा, शेवटी तिला ते पकडू द्या, मग खाऊ द्या. खेळ संपला की दोरा उचलून ठेवा. पोटात गेला तर आतड्यात अडकतो. नखांसाठी तरट गुंडाळलेला खांब हवा, गॅलरीला जाळी हवी. चुकली तरी मारू नका. ती शिकत नाही, फक्त घाबरते.

आणखी एक. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही. त्यांना मांसाहार आणि स्वच्छ पाणी लागतं. शाकाहारी घरांनी याचा आधीच विचार करावा. लसही वेळेवर टोचायला हवी.

मांजर बारा-पंधरा वर्षं जगते. पाचवीत आणलेलं पिल्लू तुमचं कॉलेज संपेपर्यंत सोबत असेल! तेव्हा आई-बाबांसोबत बसून ठरवा : शाळा, क्लास, परीक्षा यांतून रोज तिच्याशी कोण खेळणार? उत्तर मिळालं, तर महागडी जात कशाला? गल्लीतल्या पोरक्या मनीलाही असाच खेळगडी हवा असतो.