असं का होतं? : मदरबोर्डवरची घरघर

संगणक चालू केला की पहिली काही मिनिटं घरघर, मग सगळं शांत. आवाज बहुधा मदरबोर्डवरच्या चिपसेटच्या पंख्याचा. जेमतेम ४० मिलिमीटरचा हा जीव. पाती इवलीशी, म्हणून पुरेशी हवा ढकलायला मिनिटाला हजारो फेरे घ्यावे लागतात. दांडा फिरतो साध्या बुशमध्ये. बैलगाडीच्या आसाचं वंगण आटलं की चाक कुरकुरतं, तसंच इथे: तेल सुकतं, बुश झिजतो, दांडा डगमगतो. थंड असताना उरलेलं तेल घट्ट असतं. तापल्यावर पातळ होऊन पसरतं, आणि आवाज थांबतो. थेंबभर तेल सोडून काही दिवस ढकलता येतात, पण झिजलेला बुश त्याने भरून येत नाही.

नवा पंखा घेताना स्क्रूच्या भोकांमधलं अंतरही मोजा. पंख्याच्या तीन तारांपैकी दोन विजेच्या, तिसरी वेग कळवणारी. पंख्याखालचा हीटसिंक उचललात, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायलाच हवी.

मला विचाराल तर, जागा असेल आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती असेल, तर बिनपंख्याचा मोठा हीटसिंकच बरा. २०१९ मध्ये एएमडीच्या एक्स५७० चिपसेटबरोबर हे पंखे बोर्डांवर परतले होते. २०२१ च्या एक्स५७०एस बोर्डांनी त्यांना पुन्हा रजा दिली.