उभ्याने वल्हवण्याचे शास्त्र

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणजे तीन-सव्वातीन मीटर लांबीच्या तरंगत्या बोर्डवर उभे राहून लांब दांड्याच्या एकाच पॅडलने तो वल्हवत नेणे. हवाई बेटांवरच्या वायकिकी किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे विसाव्या शतकाच्या मध्यात असे वल्हवत. लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांच्यासारख्या सर्फरांनी १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे ही पद्धत पुन्हा उचलली, आणि पाहता पाहता बोर्ड लाटा सोडून तळ्यांत, खाड्यांत आणि धरणांच्या जलाशयांत उतरला. २००८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने सर्फिंगच्या लाटांबाहेर वापरला जाणारा पॅडलबोर्ड हा जलवाहन मानला. त्यामुळे होडीप्रमाणेच त्यावरही लाइफ जॅकेट बाळगणे बंधनकारक झाले. शास्त्राच्या दृष्टीनेही हे वर्गीकरण योग्यच आहे, कारण बोर्डच्या स्थैर्याचे गणित होडीचेच आहे.

नेहमीच्या वापराच्या बोर्डचे घनफळ अडीचशे ते तीनशे लिटर असते. तेवढे पाणी बाजूला सारले तर आर्किमिडीजच्या तत्त्वाने अडीचशे-तीनशे किलो वजन उचलले जाईल. म्हणजे प्रश्न बुडण्याचा नाही, कलंडण्याचा आहे. बोर्ड एका बाजूला झुकला की ती बाजू पाण्यात अधिक खोल जाते, पाण्याच्या उचलीचा केंद्रबिंदू तिकडे सरकतो आणि बोर्ड पुन्हा सपाट होऊ पाहतो. हा सावरण्याचा गुण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३० इंची बोर्डऐवजी ३४ इंची घेतला तर रुंदी जेमतेम १३ टक्क्यांनी वाढते, स्थैर्य मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी. नवशिक्याला रुंद बोर्ड देतात तो एवढ्यासाठी.

याच्या विरुद्ध बाजूला असतो माणसाचा गुरुत्वमध्य. उभ्या माणसात तो बेंबीच्या आसपास, म्हणजे बोर्डपासून जवळजवळ मीटरभर उंच असतो. शर्यतीच्या अरुंद बोर्डवर तेवढ्याच उंचीचा आणि वजनाचा ताठ पुतळा ठेवला तर तो उभा राहणार नाही. माणूस राहतो, कारण घोटे, गुडघे आणि कंबर क्षणाक्षणाला बारीक दुरुस्त्या करत असतात. गुडघ्यांवर बसले की गुरुत्वमध्य बराच खाली येतो आणि डुगडुगणारा तोच बोर्ड शांत होतो. म्हणून सुरुवात गुडघ्यांवर बसूनच करावी. मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना गुडघे, पॅडल समोर आडवे, मग गुडघ्यांच्या जागी एकेक पाऊल. पावले खांद्यांइतक्या अंतरावर समांतर आणि गुडघे किंचित वाकलेले असावेत.

तोल सांभाळण्यासाठी मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: अंतःकर्ण, डोळे, आणि पायांतले स्नायू व सांधे. पायांकडे पाहिले की डोळ्यांना हलता बोर्ड आणि हलते पाणीच दिसते. स्थिर संदर्भ हरवतो. नजर समोरच्या काठावर ठेवली की तो परत मिळतो. घाबरलेला नवशिका पॅडल हवेत उचलून धरतो आणि हातातला आधार स्वतःच काढून घेतो. पाण्यात टेकलेले पाते हा तिसरा पाय असतो.

पॅडलची उंची डोक्यापेक्षा साधारण १५ ते २५ सेंटीमीटर जास्त ठेवतात. पाते दांड्याशी किंचित कोन करून असते, आणि हा कोन पुढच्या टोकाच्या दिशेने हवा. दिसायला हे उलटे वाटते. चमच्यासारखी खोलगट बाजू मागे असावी असे मन सांगते, आणि काठावरून पाहिले तर निम्म्या नवख्यांनी पॅडल उलटे धरलेले असते. कोन पुढे असला की हात पुढे ताणून पाते रोवल्यापासून ते पायांशी येईपर्यंत ते बऱ्यापैकी उभे राहते आणि पाणी मागे लोटते. उलट धरले तर ते पाणी वर उचलू लागते. घोट्यांच्या मागे खेचत राहण्यातही तोच तोटा आहे: बोर्डची शेपटी खाली दबते, वेग पडतो. पाते पूर्ण बुडवावे, बोर्डच्या कडेलगत घोट्यापर्यंत आणावे आणि बाहेर काढावे. जोर दंडांचा नसून धड पिळण्याचा असतो. वळायचे असेल तेव्हा याउलट पाते कडेपासून दूर, मोठ्या कमानीत फिरवायचे, कारण मध्यापासून बल जितके लांब तितका वळवणारा परिणाम मोठा.

हवा भरण्याच्या बोर्डची रचना निराळी असते. वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धागे जोडलेले असतात. १५ पीएसआय दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोचा रेटा. दोन चौरस मीटरच्या पृष्ठावर तो वीस टनांच्या घरात जातो आणि हे धागे तो पेलतात, म्हणून बोर्ड फुगत नाही, कडक होतो. हवा कमी असेल तर तो मध्ये वाकतो. २७ अंशांवर १५ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तर दाब १८ च्या पुढे जातो. किनाऱ्यावर जेवायला बसताना तो सावलीत ठेवावा, नाहीतर थोडी हवा सोडावी.

शांत पाण्यावरचा खरा धोका वाऱ्याचा. उभा माणूस वाऱ्यासाठी शीडच ठरतो. ताशी २० किलोमीटरचा वारा त्याला साधारण सव्वा किलो वजनाइतक्या बलाने सतत ढकलतो. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते. कोकणात पहाटे आणि सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. अशा वेळी काठाजवळचे पाणी आरशासारखे सपाट दिसते, कारण लाट उठायला वाऱ्याला पुरेसे अंतर मिळालेले नसते. वारा पाठीशी असल्याने जाताना आपण फार छान वल्हवतो आहोत असे वाटते; परतताना कळते. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, येताना त्याची मदत घ्यावी. दुपारी खारे वारे सुटतात आणि खाडीत वर शिरतात. त्याच वेळी ओहोटी असेल तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन आखूड, उभ्या लाटा उठतात.

ओहोटीचा वेगही सारखा नसतो. सहा तासांच्या ओहोटीत निम्मे पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात उतरते. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते तशा तोंडाशी हे पाणी अरुंद वाटेने बाहेर धावते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ते अधिक जोरात असते. नदीत बंधाऱ्यापासून लांब राहावे. वरच्या बाजूने बंधारा फक्त एक सपाट रेघ दिसतो. पलीकडे पाणी स्वतःभोवती फिरून पडलेल्याला आत ओढते. वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट येथे ३० ऑक्टोबर २०२१ रोजी फुगलेल्या नदीत बंधाऱ्यावरून गेलेल्या गटातल्या चार पॅडलबोर्डर्सचा मृत्यू झाला. आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारेही पाणी वाहत असताना याच नजरेने पाहावेत.

बोर्ड आणि माणूस यांना जोडणारी दोरी म्हणजे लीश. तळ्यात ती घोट्याला बांधलेली चालते. माणूस पडला की आठ-दहा किलोचा रिकामा बोर्ड वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने निघून जातो. लीश नसेल तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो गाठता येत नाही. वाहत्या पाण्यात मात्र घोट्याची लीश फांदीत अडकते आणि प्रवाहाच्या रेट्यात वाकून ती सोडवता येत नाही. तिथे कमरेची, एका हिसक्यात सुटणारी लीशच हवी. लाइफ जॅकेट बोर्डला बांधून ठेवलेले काही कामाचे नाही, ते अंगात हवे.

पडणे अटळ आहे. बोर्डपासून दूर, अंग पसरून पडावे. पाणी उथळ असेल तर सूर मारल्यासारखे डोके पुढे करून कधीच नाही. आधी बोर्ड धरावा, मग पॅडल. चढताना मधले हँडल पकडून पाय मागे पृष्ठभागाशी आणावेत आणि लाथा मारत छाती बोर्डवर सरकवावी. पाय बोर्डखाली गेले तर हातांच्या ताकदीवर चढणे दमवणारे असते. वारा वाढला की गुडघ्यांवर बसावे, तेही पुरेसे नसेल तर पॅडल छातीखाली दाबून पालथे पडावे आणि हातांनी वल्हवावे. वाऱ्याला धरायला मग फारसे काही उरत नाही. काठ गाठता येत नसेल तर बोर्ड सोडून पोहत निघू नये. दोन्ही हात वर करून सावकाश हलवावेत, आणि जलरोधक पिशवीतल्या फोनवरून ११२ किंवा समुद्रात असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ लावावा.